अखंड कापसाची घडी

व्हर्ला स्टुकी या बाईंच्या बोटांबद्दल आमच्या गावात जेवढं बोललं जाई, तेवढं देवाबद्दलही बोललं जात नसे. आणि आमचं गाव म्हणजे नेब्रास्कातल्या तव्यासारख्या सपाट मैदानावर ल्यूथरच्या अनुयायांनी वसवलेलं. देवाखेरीज दुसरी करमणूकच नव्हती तिथे. म्हणे कोंबडीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला की आतल्या अंड्यात बलक एक आहे की दोन, ते बाईंना कळे. म्हणे नवऱ्याच्या कोटावरून बोट फिरवून तो दुपारी कुठे जाऊन आला ते त्या सांगत. हे "म्हणे" कोण म्हणे, असं विचारलंत तर खरं उत्तर देतो. त्या स्वतःच म्हणत. गाव फक्त मान डोलवी, कारण गावाच्या मानेत त्यापलीकडे काही नव्हतं.

मी चर्चची घंटा वाजवायचो, भट्टी पेटवायचो आणि दर गुरुवारी तळघरात बायकांची गोधडी ताणून धरायची चौकट लाकडी तिवयांवर चढवून द्यायचो. चौकट चढवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्याला सगळं दिसतं. घंटा वाजवणं तर निव्वळ नावाला होतं. आमच्याकडचा वारा असला द्वाड, की घंटेचा आवाज उचलून शेजारच्या तालुक्यात नेऊन टाकी. पाळकसाहेबांच्या प्रवचनाचंही तेच. तिकडचे लोक फुकटात सुधारले, आम्ही जसेच्या तसे राहिलो.

चर्चची रीत अशी, की गावातल्या प्रत्येक नवरीची गोधडी गुरुवारच्या सगळ्या बायकांनी एका चौकटीवर बसून टाचायची. नवरीच्या आईनं वरचं तुकड्यांचं तोंड शिवून आणायचं, खालचं अस्तर आणायचं आणि मध्ये घालायचा, चादरीएवढ्या थरात दाबलेला कापूस आणायचा. टाके मात्र सगळ्यांचे, एकही हात वगळायचा नाही. जिची गोधडी चौकटीवर चढली नाही, तिचं लग्न कायद्यानं लागे, पण गावाच्या लेखी ती पळून गेल्यातच जमा. पंधरा वर्षांपूर्वी एकीचं तसं झालं होतं. तिचं नाव अजून कुणी सरळ घेत नसे, "ती दोऱ्याची" म्हणत. म्हणजे जिच्या आईनं गोधडीला टाक्यांऐवजी घरीच लोकरीच्या दोऱ्याच्या चार गाठी मारून दिल्या, ती.

चौकटीची मुखत्यारी व्हर्लाबाईंकडे. तीन वर्षं लागोपाठ त्या जिल्ह्याच्या जत्रेत गोधड्यांच्या परीक्षक होत्या. निळी फीत कुणाला द्यायची ते त्या ठरवत आणि बहुतेक वेळा आपल्या नात्यातच ठरवत. शिवाय रविवारी चर्चचा ऑर्गनही त्याच वाजवत. पाळकसाहेबांचं प्रवचन त्यांना लांबलंसं वाटलं की त्या सरळ पुढचं गीत सुरू करत. त्यामुळे पाळकसाहेब परमेश्वराला भीत, पण व्हर्लाबाईंना जरा जास्त.

ऑर्फा टिलमन ही स्वयंपाकघरातली. नवरा गेल्यापासून चर्चचा स्वयंपाक तीच बघे. गुरुवारी बायका चौकटीवर बसत आणि ऑर्फा दालचिनीचे गोड पाव भाजून त्यांच्यापुढे ठेवी. पाव असे, की भट्टीतून निघाले की मेलेला माणूसही शवपेटीत उठून बसावा. एकदा बसलाही, पण ती गोष्ट वेगळी. तर त्या बायका अकरा वर्षं तिचे पाव खात होत्या आणि अकरा वर्षांत तिला "ये, तूही बस" असं एकीच्याही तोंडून निघालं नव्हतं. चौकटीवर बसायला म्हणे जत्रेची फीत लागे. खायला लागत नसे.

त्या सप्टेंबरात ऑर्फाच्या अर्डिसचं लग्न ठरलं. मुलगा धान्याच्या कोठारावर कामाला होता, सरळ होता, कान जरा मोठे होते. लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. म्हणजे चौकटीसाठी तीन गुरुवार हाताशी.

पहिल्या गुरुवारी सकाळी ऑर्फा तळघरात आली ती हात पुसत नव्हे, तर काखेत गाठोडं आणि खांद्यावर लांबलचक दांडी घेऊन. गाठोड्यात तोंड नि अस्तर. दांडी पडद्याची, आणि तिच्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला कापूस.

"हे काय गं ऑर्फा?" व्हर्लाबाई म्हणाल्या. "कापूस आणलास की पोप निवडला त्याचं फर्मान आणलंस?"

बायका हसल्या. ज्या हसल्या नाहीत त्यांनी खोकून घेतलं.

"घडी पडू नये म्हणून गुंडाळलाय, बाई."

व्हर्लाबाईंनी तोंड पाहिलं, अस्तर पाहिलं, त्यात बोलायला जागा सापडली नाही म्हणून नाराज झाल्या. मग कापूस उलगडला. आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता या गाणार.

"हे तुकडे आहेत!"

होतेच. सत्तेचाळीस तुकडे. चौकटीवरची प्रत्येक गोधडी पुरी झाली की चारी कडांना वीतभर कापूस बाहेर उरतो. तो कातरून टाकतात. व्हर्लाबाई त्या कातरणांची पेटी नवऱ्याच्या कुत्र्याच्या अंथरुणासाठी नेत. पण त्यांचा कुत्रा एक आणि गावात नवऱ्या फार. पेटीच्या बाहेर जे सांडे ते ऑर्फा झाडताना उचली, आणि घरी नेऊन आपल्या गादीखाली सपाट घालून ठेवी. अकरा वर्षं ती आपल्या मुलीच्या गोधडीवर झोपत होती असं म्हणा.

"ऑर्फा, नवरीच्या गोधडीत कुत्र्याचा कचरा?"

"कचरा तुमचाच आहे, बाई." ऑर्फा अगदी गोड आवाजात म्हणाली. ती बोलताना आवाज चढवत नसे. पीठ फुगायला ठेवलं की त्याच्याजवळ आरडाओरडा करू नये, असं तिचं मत होतं आणि ते तिनं माणसांनाही लावलं होतं. "हा कोपऱ्यातला हातभर तुकडा तुमच्या जेनीव्हच्या गोधडीतला. तुम्हीच कातरलात. तेव्हा त्याला तुम्ही जिल्ह्यातला सगळ्यात उंची कापूस म्हणाला होतात."

एकेक बाई मान लांब करून बघू लागली, आपल्या लेकीचा कोणता ते.

"कापूस उंची असेल," व्हर्लाबाई म्हणाल्या, "पण जोड तो जोडच. कितीही झाकला तरी उंचवटा येतो. मला तो तीन थरांखालून बोटाला लागतो. जोडाची गोधडी या चौकटीवर चढणार नाही. घरी ने आणि चार गाठी मार."

चार गाठी! तो शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. ऑर्फानं रिकामी दांडी भिंतीला टेकवली. तिच्यामागे जिन्यावर अर्डिस उभी होती, हातात दुधाचं भांडं घेऊन. तिनंही ऐकलं.

आता जोडाचं सांगायचं तर ऑर्फाची रीत मी तिच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलेली होती. अडाणी बाई काय करते, एका तुकड्याची कड दुसऱ्यावर चढवते आणि शिवते. मग तिथे कापूस दुप्पट होतो आणि बांध घातल्यासारखा उंच लागतो. ऑर्फा दोन तुकडे एकावर एक ठेवी आणि दोन्ही एकदम कातरी, पण सरळ नाही, ओढा वळतो तशी वाकडी. मग दोन्ही कडा एकमेकींत बरोबर बसत. ती त्यांना नुसती भेटवी, चढवत नसे, आणि वरून सैल, तिरपे टाके घाली. "सरळ जोड बोटाला सापडतो, गस," ती मला म्हणाली होती, "वाकड्याच्या मागे बोट जाता जाता कंटाळतं."

"एवढी खात्री आहे बाई तुम्हाला," ऑर्फा म्हणाली, "तर डोळे मिटून शोधून दाखवा."

पाळकसाहेब होल्टग्रेव नेमके तेव्हाच पावांच्या वासानं जिना उतरून खाली येत होते. ते अर्ध्या पायरीवर थांबले. परत वर जावं की काय, हा विचार त्यांच्या पोटरीत स्पष्ट दिसला.

"थांबा, पाळकसाहेब!" व्हर्लाबाई गरजल्या. "बरं झालं आलात. साक्षीला राहा. मी आत्ता दुकानातून नवं पुडकं आणते, अखंड कापसाचं, एका तुकड्याचं. गस दोन्ही कापूस एकसारख्या कापडाखाली घालील. मी डोळे मिटून हात फिरवीन. ज्यात जोड सापडेल तो कापूस मी स्वतः उचलून, सगळ्या गावादेखत नेऊन, आमच्या बिशपच्या अंगाखाली घालीन."

बिशप म्हणजे त्यांचा कुत्रा. पोप-बिशपांशी भांडून वेगळं झालेल्या ल्यूथरच्या गावात कुत्र्याचं नाव बिशप ठेवणं हा त्यांच्या नवऱ्यानं, एमेटनं, आयुष्यात केलेला एकमेव विनोद. त्यावर तो तीस वर्षं जगला.

"आणि नाही सापडला तर?" ऑर्फानं विचारलं.

"तर चढेल चौकटीवर."

"आणि टाके सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"तुमचेसुद्धा?"

"अगं माझेसुद्धा! काय लोचटपणा हा!"

बाई टोपी घालून दुकानात गेल्या आणि दहा मिनिटांत परतल्या. कागदाचं निळं पुडकं, करकरीत, दोरीनं आवळलेलं. ऑर्फानं ते पाहिलं. मी ऑर्फाकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि तिनं ते गिळून टाकावं अशी मी देवाची प्रार्थना केली. पण ती प्रामाणिक बाई. असल्या बायकांशी पैज लावणंही अवघड.

"बाई," ती म्हणाली, "पुडकं उघडून कापूस एक दिवस पसरून ठेवतात ना? जरा आराम पडू द्यावा."

"माझ्या कापसाला आराम लागत नाही," व्हर्लाबाई म्हणाल्या. "तो स्वयंपाकघरात वाढलेला नाही."

झालं. देवानं प्रार्थना ऐकली नव्हती, पण व्हर्लाबाईंनी ऐकली.

दोघींना आणि बाकी सगळ्यांना वर प्रार्थनागृहात बसवलं. तळघरात दोन लांब टेबलं होती. मी चर्चच्या ताग्यातला एकच मांजरपाट कापून चार तुकडे केले, दोन खाली, दोन वर. एका टेबलावर ऑर्फाचा कापूस, दुसऱ्यावर बाईंचा. देखरेखीला म्हाताऱ्या टिली ब्रॉकमायरला बसवलं. तिचं वय चौऱ्याऐंशी, कान दोन्ही बंद, पण डोळे घारीचे. लोक पुढे म्हणाले की गसनं काहीतरी केलं असणार. मी आयुष्यात पुष्कळ लबाड्या केल्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मी काही केलं नाही. पुडकं उघडलं, कापूस पसरला, वरचा मांजरपाट ओढला. पुढचं काम घडीनं केलं.

व्हर्लाबाई खाली आल्या, मागोमाग बाकी सगळे. बाह्या वर सारल्या, अंगुस्ताना काढून ठेवला, बोटं एकमेकांवर घासली. मग डोळे मिटून, मान मागे टाकून पहिल्या टेबलावर हात ठेवले. पाळकसाहेबांनी नकळत हात जोडले. वरपासून खालपर्यंत, मग आडवे, मग कोपऱ्याकोपऱ्यात, त्या हात फिरवत गेल्या. सत्तेचाळीस तुकडे त्यांच्या बोटांखालून गेले, त्यांच्या जेनीव्हचासुद्धा.

"अखंड," त्या म्हणाल्या. "बघा, असा लागतो अखंड कापूस. लोण्यासारखा. हात ठेवून बघा गं, शिकाल काहीतरी."

तिघी-चौघी पुढे झाल्या आणि हात ठेवून "लोणी, लोणी" म्हणाल्या. त्यांना लोणी आणि ग्रीस यांतला फरक तरी कळत होता की नाही, देव जाणे.

मग दुसरं टेबल. हात मधोमध पोचला आणि थबकला.

"हं."

बायकांनी श्वास रोखले.

"हा बघा. इथून सरळ खाली. आणि हा दुसरा, आडवा. म्हणजे चार मोठे तुकडे! आणि काय गं ऑर्फा, कडेवर कड चढवलीस? अंगठ्याला चक्क बांध लागतोय. शाळेतली पोरगीसुद्धा याहून बरं शिवील. बाजूचे बारीक तुकडे तर मी मोजतसुद्धा नाही. हे नवरीच्या अंगावर घालणार होतीस? जावई रात्री कूस बदलायला गेला तर ठेचकाळून पडेल!"

"काय म्हणते ती?" टिली ओरडली.

"जोड सापडला म्हणते!" कुणीतरी तिच्या कानात ओरडलं.

"कुणाच्यात?"

"डोळे उघडा, बाई," मी म्हणालो आणि वरचा मांजरपाट उचलला.

खाली कापूस होता एका तुकड्याचा, पांढराफेक, एका कडेला दुकानाच्या पुडक्याचा निळा कागद अजून चिकटलेला. आणि त्याच्या छातीवर, सरळ उभी आणि सरळ आडवी, पुडक्यात महिनोन् महिने दाबून बसलेली घडी. इस्त्री केलेल्या पाटलोणीसारखी.

वरती चर्चमध्ये वाऱ्यानं एक दार आपटलं.

"ही घडी आहे," व्हर्लाबाई म्हणाल्या.

"हो बाई," ऑर्फा म्हणाली. "म्हणूनच पसरून ठेवतात."

त्यानंतर व्हर्लाबाईंनी जे सांगितलं ते सगळं लिहायला गेलो तर कागद लाजेल. हवा गार होती म्हणून बोटं आखडली. रविवारी ऑर्गन फार वाजवला. गसनं टेबल हलवलं. दुकानदारानं जुनं पुडकं दिलं. पाळकसाहेब पुढे झाले आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य बोलले, आणि त्या पदासाठी स्पर्धा मोठी होती: "एका अर्थानं दोन्ही भगिनींचं बरोबर आहे."

"काय म्हणाला तो?" टिलीनं विचारलं.

"काही नाही!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. आणि त्या पहिल्यांदाच खरं बोलत होत्या.

"पैज कुत्र्याची होती," टिली ठासून म्हणाली. तिला ऐकू येत नसे, पण आठवत सगळं असे.

व्हर्लाबाईंनी नवा कोरा अखंड कापूस काखेत घेतला आणि रस्ता ओलांडला. त्या रस्त्यावर एरवी दिवसाला दोन ट्रक जात. त्या दिवशी प्रत्येक खिडकीत डोकं होतं. न्हाव्यानं अर्धी दाढी टाकून दार उघडलं. एमेट अंगणात पाईप ओढत बसला होता. तो उठला नाही, फक्त पाईप तोंडातून काढला, आणि त्याच्या बाबतीत ते भाषण केल्यासारखंच होतं. बाईंनी कापूस कुत्र्याच्या पेटीत अंथरला. बिशप आला, वास घेतला, तीनदा गोल फिरला, पंजानं मधोमध दाबून पाहिलं, आणि शेजारी उघड्या जमिनीवर जाऊन झोपला. त्याला घडी बोचत होती. असं मी म्हणतो आणि ज्यांना पटत नाही त्यांनी कुत्र्याला विचारावं.

गोधडी त्याच दुपारी चौकटीवर चढली. मी स्वतः चढवली, दोऱ्या आवळल्या, आणि कधी नव्हे ते चौकट चढवणाऱ्याकडे बायकांनी पाहिलं. टिलीनं आपल्या शेजारची खुर्ची ओढली. "ऑर्फा, बस गं. पाव त्यांना भाजू देत, ज्यांच्या बोटांना काम उरलं नाही."

ऑर्फा बसली. तेव्हापासून त्या तळघरात धड पाव मिळाला नाही, ही या गोष्टीतली खरी शोकांतिका. पण ती एकट्या माझी.

आणि व्हर्लाबाईही बसल्या. बसावंच लागलं. टाके सगळ्यांचे, हा शब्द त्यांनीच दिला होता. तिन्ही गुरुवार त्या कुणाशी बोलल्या नाहीत. एरवी त्यांचे टाके इंचाला दहा, मुंग्यांच्या रांगेसारखे. पण या वेळी त्यांचा डावा अंगठा थाऱ्यावर नव्हता. तो सारखा कापडावर दाबत, चाचपत, पुढे-मागे सरकत होता. कुठे तरी एक जोड सापडेल, एकच, मग काय ते बोलू. सुई बिचारी अंगठ्यामागे धावत होती. ऑर्फा समोर बसून हे बघत होती आणि खाली मान घालून टाके घालत होती. तिनं एकदाही म्हटलं नाही की बाई, तुमची रांग वाकडी चालली आहे.

अर्डिसचं लग्न वेळेवर झालं. कानवाला मुलगा चांगला निघाला. आता ती स्वतः आजी आहे आणि ती गोधडी तिच्या पलंगावर आहे. इतक्यांदा धुतली, पण कुठे गाठ नाही, कुठे खळगा नाही. घरी नवं कुणी आलं की ती म्हणते, "हात फिरवा आणि सत्तेचाळीस जोडांतला एक दाखवा." आजवर कुणाला सापडलेला नाही. मग ती पायथ्याचा कोपरा उचलते आणि टाक्यांची एक ओळ दाखवते. इंचाला तीन टाके, दारुड्याच्या पावलांसारखे, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत मागे.

"आईचा जोड सापडायचा नाही," अर्डिस म्हणते. "पण व्हर्लाबाई त्याला शोधत कुठवर गेल्या, ते अजून दिसतं."